दोन खुणा आणि दहा रेघा

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "काकूंना सांगितलं होतंस ना?" आणि मी म्हणालो होतो, "हो."

ते खोटं होतं. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी बाकी सगळं सांगतो, म्हणजे ती काढून घेते. आता माझी पंचेचाळिशी उलटली आहे. यंदाच्या अंकासाठी "तुमच्या कामाचे अनुभव लिहा, गमतीजमती लिहा" असं संपादकांचं पत्र आलं, आणि गमती आठवायला बसलो की दर वेळी गाडी त्या एका "हो"शी येऊन थांबते. तेव्हा आधी तेच सांगून टाकलं. आता गमती सांगतो. त्याही त्याच गोष्टीतल्या आहेत.

जुन्नरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. साल पन्नासच्या पुढचं. राज्यात दारूबंदी जोरात होती. कंपाउंडर म्हणजे काय हे आजच्या तयार गोळ्यांच्या जमान्यात समजावून सांगावं लागतं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, मी खिडकीआड उभा राहून मिक्श्चर बनवत असे. पेशंट बाटली घरून आणायचा. तिच्यात पूर्वी खोबरेल असे, घासलेट असे, एकदा एकीत जिवंत मुंगळा निघाला. बाटली धुवायची, औषध भरायचं, आणि मग आमच्या कलेचं खरं काम: कागदाची लांब पट्टी घ्यायची, तिची घडी घालून कात्रीनं कडेला कातरे मारायचे आणि खळीनं ती पट्टी बाटलीला उभी चिकटवायची. एक कातरा म्हणजे एक खूण, एक खूण म्हणजे एक डोस. लोकांचा डॉक्टरांवर विश्वास होता, पण त्या पट्टीवर जास्त होता. ज्या बाटलीला पट्टी ते औषध, आणि पट्टी नाही ते पाणी, असा तालुक्याचा सरळ हिशेब होता. माझी पट्टी फार सुबक असे. ह्या सुबकपणानंच पुढचा घोळ केला.

येडगावचे तात्या आमच्याकडे मधुमेहासाठी येत. पन्नाशीचे, धिप्पाड, नदीकाठची चांगली जमीन, डोक्याला पटका आणि आवाज असा की दवाखान्याच्या दारात ते "काय म्हनता कंपाउंडर" म्हणाले की आतल्या काचेच्या नळ्या किणकिणायच्या. ते गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. भाषण करायला त्यांना फार आवडे. त्यांचं भाषण ऐकून एकानं तरी दारू सोडली असेल का ते माहीत नाही, पण पुष्कळांनी तो रस्ता सोडला होता.

तेव्हा रक्त तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. लघवी तपासायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. तात्यांचं कायम विटकरी. डॉक्टर बोलायचे, तात्या मान खाली घालायचे. मग एकदा लागोपाठ तीन आठवडे त्यांची नळी आभाळासारखी निळी निघाली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी नळी उजेडात धरली, नाकाला लावली, आणि शांतपणे म्हणाले, "ह्या बाटलीतला माणूस ठणठणीत आहे. त्याला घरी पाठवा. तात्या, तुम्ही थांबा."

"माझीच हाये की डाक्टर."

"खरं सांगा."

तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "सासूबाईंची हाये. ऐंशी वर्साच्या हायेत. लई चांगली तब्येत."

त्याच दिवशी इन्सुलिनची सुई चालू झाली. रोज सकाळी जुन्नरला येणं शक्य नव्हतं, म्हणून टोचायला काकूंना शिकवायचं ठरलं. तात्यांच्या मंडळी, त्यांना सगळे काकूच म्हणत. अक्षर एक येत नव्हतं. मी त्यांना सिरिंजवरच्या रेघा दाखवल्या. "काकू, दहा रेघा. नऊ नाही, अकरा नाही." सरावासाठी त्यांनी घरून वांगी आणली होती. दोन तास दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या वांग्यांना पाणी टोचत होत्या, आणि दर वेळी ओठांत मोजत होत्या, "येक, दोन, तीन..." दहा म्हणताना मान हलवायच्या, जणू दहावी रेघ ओळखीची बाई होती. शेवटी म्हणाल्या, "वांगं वरडत न्हाई, ह्यो वरडंल." आणि तात्या खरंच ओरडले. पुढच्या आठवड्यात काकूंनी त्याच वांग्यांची भरली भाजी करून मला आणली. जरा पांचट लागली, पण मी दोनदा वाढून घेतली. "लेकासारखा हायेस रं बाबा," असं त्या म्हणाल्या होत्या. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायचं ठरवलंय.

महिन्याभरात तात्यांनी मला खिडकीपाशी गाठलं. आवाज बारीक करायचा त्यांचा प्रयत्न रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

"भाऊ, येक इचारायचं व्हतं. मी आठवड्यातनं दोनदा... थोडी घेतो."

"काय घेता?"

"आता अध्यक्षाच्या तोंडून नाव घ्यायला लावता का राव?"

डोंगरातून हिरड्याची पोती खाली बाजारात येत, त्या पोत्यांतून मोहाच्या फुलांची दारू येई. ती तात्या घ्यायचे. सरकारी परवाना काढून प्यायची सोय होती, पण परवान्यावर नाव येणार, आणि अध्यक्षाचं नाव तिथे कसं चालणार? मी घाबरलो आणि डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे, आणि कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

"न पिणं सगळ्यांत चांगलं. सुई घेणाऱ्यानं तर नाहीच. पण माणूस ऐकणार नसेल तर त्याला वाऱ्यावर सोडायचा नाही. रिकाम्या पोटी थेंब नाही. आधी भाकरी, मग थोडी, आणि थोडी म्हणजे खरंच थोडी. ती हातभट्टीची, तिचा जोर किती हे गाळणाऱ्यालाही माहीत नसतं. नंतर झोपण्याआधी पुन्हा काही खायचं. आणि मुख्य म्हणजे घरात कुणाला तरी हे ठाऊक पाहिजे. साखर उतरली की माणूस प्यालेल्यासारखाच दिसतो. घाम, थरथर, बडबड, झोक जाणं. त्यात तोंडाला वास असला की लोक म्हणतात, पडू दे, उतरेल. आणि तो तसाच जातो. तात्यांना सांग. आणि काकूंना तू स्वतः सांग. सुई त्यांच्या हातात आहे."

असं का होतं, तेही मी तेव्हा समजून घेतलं. पोटात यकृत असतं, ते घरातल्या कोठीवाल्यासारखं. जेवण लांबलं की तो कोठीतून थोडी थोडी साखर सोडत राहतो. दारू आली की हातातलं काम टाकून तिच्या मागे लागतो. कोठीला कुलूप. इकडे इन्सुलिन मात्र असेल नसेल ती साखर संपवत बसलेलं.

मी तात्यांना सांगितलं. आधी अर्धी भाकरी, मग दोन घोट. तात्यांनी कान पकडले. मग म्हणाले, "पर किती म्हंजे दोन घोट? माझा घोट मोठा हाये. तुमी अशी पट्टी लावून द्या बाटलीला." बाटली त्यांनी आणलीच होती. कोटाच्या आतल्या खिशातून काढली.

खरं म्हणजे मी तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, पट्टी लावली तर माणूस खुणेच्या खाली जाणार नाही. शिवाय सुबक पट्टीची मागणी झाली की माझा हात आपोआप कात्रीकडे जाई. मी पट्टी कातरली, चिकटवली, वर दवाखान्याचं छापील लेबल लावलं, आणि माझ्या अक्षरात लिहिलं: "पाचक. एका वेळी दोन खुणा. बाटली हलवून घेणे." डॉक्टरांना न विचारता.

हलवून घेणे हे कशाला लिहिलं ते देव जाणे. सवय.

आता काकूंना सांगायचं राहिलं होतं. त्या पुढच्या बाजाराला आल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या, आणि मी तोंड उघडलं. मागून तात्या हात जोडून खुणा करत होते. पण मी त्यांच्यासाठी गप्प बसलो असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. मी गप्प बसलो कारण काकू ऐकताक्षणी बाटली हुडकून डॉक्टरांच्या टेबलावर आपटणार, आणि लेबलावर माझं अक्षर निघणार. दारूबंदीच्या दिवसांत दारूला दवाखान्याचं लेबल! नोकरी जाणार, आणि डॉक्टरांची बेअब्रू. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. अशा चारपाच खेपा गेल्या.

आणि मग एकादशी बाजाराच्या दिवशी आली.

त्या दिवशी तात्यांनी काय केलं, ते नंतर त्यांनीच मला सांगितलं. सकाळी काकूंनी रोजच्यासारखी सुई दिली. एकादशी म्हणून भाकरी नाही, तेव्हा उकडलेली रताळी फडक्यात बांधून दिली आणि "वाटंत खावा, बोलन्याच्या आदी खावा" असं बजावलं. दोघं बैलगाडीनं बाजाराला निघाले. पण रताळी गोड, आणि गोड खायचं नाही म्हणून डॉक्टरांनी दम दिलेला. बाजारात गाडी सुटून काकू पुढे गेल्यावर तात्यांनी मोठ्या निग्रहानं रताळी बैलांना घातली. भाकरी देवानं बंद केलेली, रताळं डॉक्टरांनी. आणि औषध? औषधानं उपास मोडत नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे. बाटलीला तर पट्टी होती, लेबल होतं. भाषणाआधी घसा मोकळा करायला त्यांनी दोन खुणा घेतल्या. हलवून घेतल्या. मग भाषण मोठं असल्यामुळे आणखी दोन.

"मी येकबी नियम मोडला न्हाई," ते मला म्हणाले होते. आणि लेबलापुरतं ते खरं होतं.

मी पोस्टातून औषधांचं पार्सल घेऊन येत होतो. बाजारात खोक्यावर उभे राहून तात्या दारूवर तुटून पडले होते. पन्नासेक माणसं जमली होती, काकू बांगड्यांच्या दुकानापुढे उभ्या. "बांधवांनो, ही दारू, ही..." म्हणून तात्या थांबले. पटका काढला, कपाळावर घामाचे ओघळ. मग समोरच्या हवालदाराकडे बघून हसले आणि म्हणाले, "ही बगा, आमची थोरली आक्का आली!"

लोकांना हसू फुटलंच. हवालदाराच्या मिशा एकेक वीत होत्या. तात्या खोक्यावरून उतरले, म्हणजे खोकं आणि तात्या वेगवेगळ्या दिशांना गेले. हवालदारानं दंड धरला, वाकून हुंगलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "अध्यक्ष! अवं, अध्यक्षच टाईट! चला चौकीवर."

मला घाम दिसत होता. बोटं थरथरताना दिसत होती. मला कळलं होतं. आणि मी हललो नाही. शेजारी पानवाला पान लावत होता. त्यानं चुना फासला, कात टाकला, सुपारी टाकली, पान दुमडून लवंग टोचली, तोवर मी तसाच उभा होतो. माझ्या डोक्यात तात्या नव्हते, बाटली होती. ती आता हवालदाराला सापडणार.

मग तात्यांचे गुडघे दुमडले आणि काकू ओरडल्या, "आवं, ह्यांस्नी कायतरी झालंय, प्यालेलं न्हाईत ते, यकादशी हाये!" आणि लोक आणखी हसले. तेव्हा मी पार्सल टाकलं, चहाच्या दुकानात घुसलो, साखरेचा डबा उचलला, अर्धा पेला पाण्यात ओतला आणि तात्यांच्या तोंडाला लावला. अजून शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून पाजायची हिंमत केली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात कधी काही ओतू नये.

तात्यांनी दात घट्ट मिटले.

"साखर हाये ती," ते दातांतून म्हणाले.

"हो, प्या!"

"डाक्टरांनी... बंद केलीया."

"मी सांगतो ना, प्या!"

"तुमी कंपाउंडर. डाक्टरांची... चिठ्ठी आना."

हवालदार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बारा वर्सं ह्या खात्यात हाय. पेला नाकारनारा बेवडा पैल्यांदा बघतोय." शेवटी काकूंनी त्यांचं नाक दाबलं आणि तोंड उघडताच मी पेला रिकामा केला. पाठोपाठ दुसरा. पाचदहा मिनिटांत घाम आटला, डोळे जागेवर आले. तात्यांनी सभोवार पाहिलं, पटका चढवला आणि म्हणाले, "...ही दारू, बांधवांनो, मानसाला कुठं नेऊन ठिवते बगा." टाळ्या पडल्या.

हवालदारानं तोवर खिसा तपासला होता. बाटली वर काढली, लेबल अक्षर लावत वाचलं, पट्टी पाहिली. "पाचक," तो म्हणाला. "दवाखान्याचं हाय व्हय? मग तसं सांगायचं न्हाई का?" आणि बाटली माझ्या हातात दिली. वर हळूच, "माजंबी पोट लई दुखतं बगा." पुढे मी त्याला ओव्याचा अर्क दिला. तो महिनाभर येऊन तक्रार करत होता की त्या दिवशीचा वास ह्याला येत नाही.

तात्यांना दवाखान्यात आणलं. दारू अंगात असेपर्यंत साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना संध्याकाळपर्यंत निजवून ठेवलं, दर थोड्या वेळानं खायला घातलं, एकादशी असून भाकरी खायला लावली. काकू कोपऱ्यात उभ्या होत्या. बाहेर हवालदार आणि निम्मा बाजार, त्यामुळे डॉक्टर दारूचा शब्द काढणार नव्हते. एवढंच म्हणाले, "काकू, सकाळी सुई किती दिलीत?"

"धा रेघा. रोजच्यायेवड्याच." मग काकूंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "का जास्त वढली आसंल मी? गाडी जुपायची घाई व्हती. जास्तच वढली आसंल."

डॉक्टरांनी तात्यांची नाडी धरली. मी साखरेची वाटी घेऊन तिथेच उभा होतो.

काकू बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी मला तो प्रश्न विचारला, आणि मी "हो" म्हणालो. डॉक्टर खिन्न झाले. "म्हणजे तात्या घेतात हे माहीत असून, उपास असून, त्यांनी पुरी सुई दिली. समजलं नसेल बिचारीला. आता सुई त्यांच्या हातात नको. तू देत जा." तात्यांनी दवाखान्यामागे एक खोली घेतली. दुसऱ्या दिवशी काकूंनी गाडग्यातल्या थंड पाण्यात ठेवलेली इन्सुलिनची कुपी आणून माझ्या हातात दिली आणि गेल्या.

मी एकट्यानं ती कुपी मोजली. दहा सी.सी.ची कुपी, बारा दिवस चाललेली, दहा रेघा म्हणजे रोज अर्धा सी.सी. सहा गेले पाहिजेत, चार उरले पाहिजेत. चार उरले होते. बारा दिवसांत काकूंची एक रेघ चुकली नव्हती.

तात्या त्या खोलीत सात वर्षं राहिले. नवरा जुन्नरला, बायको येडगावला. काकू रोज एस.टी.च्या कंडक्टरबरोबर भाकरीचं फडकं पाठवत आणि बाजाराच्या दिवशी भेटायला येत. सकाळी मी सिरिंज उकळायला ठेवली की त्या अंगणात जाऊन बसत, तिकडे बघत नसत. तात्यांनी दारू त्या दिवसापासून सोडली, भीतीनं सोडली, पण सोडली. बाटलीचं मात्र त्यांनीही काकूंना कधी सांगितलं नाही. "अध्यक्ष हाये मी," म्हणायचे, आणि माझ्याकडे बघायचे. पुढे ते छातीच्या दुखण्यानं गेले. साखरेचा त्यात दोष नव्हता. डॉक्टरही नंतर गेले. त्यांच्यापुढे मला जे "नाही" म्हणायचं होतं ते आता म्हणता येणार नाही.

गेल्या वर्षी नारायणगावच्या स्टँडवर काकू भेटल्या. वाकल्यात, पण ओळख लगेच पटली. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "तू व्हतास म्हनून माझा नवरा सात वर्सं जगला. माझ्या हातानं तर मी त्याला मारतच व्हते. ह्यो हात बग, परत सुई धरली न्हाई." माझी गाडी लागली होती. मी गाडीत बसलो.

काकूंना वाचता येत नाही. त्यामुळे हे छापून आलं तरी माझं काम झालेलं नाही. येडगावला जायचं, त्यांच्यापुढे बसायचं आणि सांगायचं, की बाटलीला पट्टी मी लावली होती, तुम्हाला मी सांगितलं नव्हतं, आणि त्या सकाळी तुमच्या दहा रेघा दहाच होत्या. एवढं मी त्यांचं देणं लागतो.